आधी लायसन्स कुठलं ते ठरव

तुझा ईमेल मिळाला. पोर्टफोलिओ छान झालाय, त्यात आता हात घालू नकोस. आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं काढण्या-रंगवण्यातून मानसोपचार, शिकायला न्यूयॉर्कच्या प्रॅट, एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) आणि स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स यांतलं कुठलं चांगलं, असं विचारलंयस. तिन्ही चांगली आहेत. पण कॉलेज निवडायच्या आधी व्यवसाय करायचं लायसन्स कुठलं हवंय ते ठरव, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

अमेरिकेत आर्ट थेरपिस्टला देशभर चालणारं लायसन्स नाही. काही राज्यं देतात, बरीचशी देतच नाहीत. न्यूयॉर्कचं लायसन्स 'लायसन्स्ड क्रिएटिव्ह आर्ट्स थेरपिस्ट' या नावाचं, आमच्याकडे सगळे त्याला एलकॅट म्हणतात. तू लिहिलेलं एटीआर (रजिस्टर्ड आर्ट थेरपिस्ट) वेगळं. ते राज्य देत नाही, आर्ट थेरपी क्रेडेन्शियल्स बोर्ड या संस्थेचं प्रमाणपत्र आहे. त्याला वजन आहे, पण राज्याला लायसन्स हवं असेल तिथे त्यावर भागत नाही. आणि पुण्या-मुंबईतल्या वीकेंड कोर्सची सर्टिफिकेटं यातल्या कशातच मोजली जात नाहीत. शिकायला मिळतं म्हणून जरूर कर, पण त्या भरवशावर राहू नकोस.

एलकॅटला आर्ट थेरपीतली मास्टर्स लागते, म्हणजे दोन वर्षं. प्रवेशालाच साधारण १८ क्रेडिट्स स्टुडिओ आर्टची आणि १२ मानसशास्त्राची मागतात, त्यात विकासात्मक आणि अपसामान्य मानसशास्त्र हवंच. तुझ्या बीएफएमुळे स्टुडिओचा प्रश्न नाही, पण मानसशास्त्राची पाटी कोरी आहे. ती याच वर्षी भरून काढ. (इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचा 'ए' ग्रेड अर्जात लिहू नकोस. इथे कोणाला कळत नाही, मलाही तो लिहायचा मोह झाला होता.) जी. डी. आर्ट केलेली तुझी मैत्रीणही येणार म्हणतेयस. तिचा डिप्लोमा इथे बॅचलर्स म्हणून धरतात का, हे तिला आधी क्रेडेन्शियल मूल्यांकन करून बघायला सांग.

आता खरी गोम. डिग्रीनंतर देखरेखीखाली १५०० तास काम करावं लागतं, त्यातले किमान १००० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. शिवाय परीक्षा. हे तास लिमिटेड परमिट, म्हणजे लायसन्सआधी देखरेखीखाली काम करायची राज्याची परवानगी, हातात आल्यावरच मोजले जातात, आणि परमिट ठरावीक जागेचं, ठरावीक सुपरवायझरच्या नावाचं असतं. तुझ्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. आठवड्याला ३० तास धरले तर १५०० तासांना ५० आठवडे लागतात. म्हणजे नोकरी शोधण्यात किंवा परमिटची वाट पाहण्यात महिना गेला की गणित कोलमडलं. त्यात ओपीटीवर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. म्हणून कॉलेजला रँकिंग विचारत बसू नकोस. परदेशी विद्यार्थ्यांनी हे तास कुठे पूर्ण केले आणि इंटर्नशिपच्या जागी कोणाला नोकरी मिळाली का, ते विचार. उत्तर गोलमोल आलं तर काय समजायचं ते समज.

हे नको वाटलं तर इंग्लंड आहे. एचसीपीसीने (तिथली आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणारी संस्था) मान्यता दिलेली मास्टर्स केली की थेट नोंदणीचा अर्ज करता येतो, असे १५०० तास वेगळे भरावे लागत नाहीत. नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवणं तिथे गुन्हा आहे.

'मला चित्रावरून माणूस ओळखता येतो' असं अर्जाच्या निबंधात लिहिलंयस, ते वाक्य काढ. काळा रंग म्हणजे नैराश्य, असलं इथे कोणी शिकवत नाही. शिकवतात ते चित्रकलेच्या साहित्याचं भान, कोणाच्या हातात कधी काय द्यायचं ते. समज, एखादा माणूस पट्टी आणि टोकदार पेन्सिल सोडायला तयार नाही, रेघ जरा वाकडी गेली की कागद उलटा करतो. त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी जलरंग ठेवलेस तर ओल्या कागदावर रंग त्याच्या हाताबाहेर पळेल आणि पुढच्या वेळी तो येणारच नाही. आधी रंगीत पेन्सिली, मग ऑइल पेस्टल, जलरंग खूप नंतर. निबंधात असं काहीतरी लिही. नागपूरच्या शाळेत चिकणमातीला हात न लावणाऱ्या ज्या मुलाबद्दल फोनवर सांगत होतीस, तोच प्रसंग घे, नाव-गाव बदलून.

ट्रान्स्क्रिप्टचा स्कॅन आणि बीएफएचा अभ्यासक्रम पाठव. रविवारी तुझ्या रात्री नऊला फोन करते, क्रेडिट्स कुठे कमी पडतात ते बघू.

तुझी,
ताई