घर बदलताना पूल टेबल स्वतः खोलता येईल का?

आठ फुटी टेबल, दुसरा मजला आणि 'चार मित्र आहेत मदतीला', असं तुम्ही लिहिलंय. खोलता येईल की! पण मित्रांच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे सहा जण होते, शिवाय दाजी.

नाशिकचं घर विकलं तेव्हा वडिलांचं टेबल पुण्याला न्यायचं होतं. मी म्हणत होतो, क्लबातल्या जुन्या मार्करला, म्हणजे तिथली टेबलं सांभाळणाऱ्या माणसाला बोलवू. दाजी म्हणाले, "पलंग खोलायला कोणी सुतार बोलावतं का?" मी तरी मार्करकाकांना चहाला बोलावलं. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, स्लेटच्या, म्हणजे कापडाखालच्या दगडी फरशीच्या, तिन्ही तुकड्यांवर खालून खडूने नंबर टाका, लेव्हलसाठी फटीत खोचलेल्या पट्ट्या कुठे होत्या ते लिहून ठेवा आणि स्लेट उभी न्या, काचेसारखी. दाजींनी हे सगळं ऐकलं आणि काका गेल्यावर हसले.

कुशन, म्हणजे चेंडू आपटतात त्या रबरी कडा, खालचे बोल्ट काढले की सुटतात, त्यात काही नाही. कापडाच्या पिना एकेक करून उचकटायच्या असतात. दाजींनी ते चादरीसारखं ओढलं. मग स्लेट हलेना. स्क्रू मेणाखाली बुजवलेले असतात, ते खरवडून काढावे लागतात, हे कळेपर्यंत दाजी पहार घेऊन आले होते! ती मी हातातून काढून घेतली, तेव्हापासून आमचं बिनसलं ते बिनसलंच.

इंचभर जाडीच्या स्लेटचा एकेक तुकडा सत्तर किलोच्या आसपास भरतो. जिन्यातून उतरवले नीट. पण टेम्पोत दाजींनी तिन्ही आडवे रचले, मध्ये गाद्या घालून. "उभे ठेवले तर पडतील." दोर कशाला असतो मग? नारायणगावच्या अलीकडे एका गतिरोधकावर 'टक्' असा आवाज आला. मी मागेच बसलो होतो. मधला तुकडा साइड पॉकेटच्या (लांब बाजूच्या मधल्या भोकाच्या) खाचेपासून स्क्रूच्या भोकापर्यंत चिरला होता. खाच असते तिथेच स्लेट सगळ्यात कमजोर असते आणि आडवी ठेवली की दणका थेट तिथे बसतो. यात रस्त्याचा काय दोष?

तेव्हा स्लेट उभी, बाजूला लाकडी फळी, दोराने घट्ट. साठवायचीही कोरड्या जागी. कापड नवीन घालायच्या तयारीने रहा, जुनं पुन्हा तसं ताणलं जात नाही. खोलायला अर्धा दिवस पुरतो. जोडताना मात्र फिटर बोलवाच, लेव्हल नुसत्या डोळ्याने साधत नाही.

हो, एक राहिलंच. तुमच्या टेबलाला स्लेट नसून एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असेल तर यातलं बरंचसं विसरा. आणि नाणं टाकून खेळायचं टेबल असेल तर त्याची स्लेट बहुधा अखंड असते, तिचे तुकडे शोधत बसू नका.

दाजींचं म्हणणं अजूनही हेच, की चीर आधीपासून होती. खोलताना काढलेला फोटो मी भाऊबीजेला दाखवला. म्हणाले, उजेड कमी आहे.