चार मित्रांनी मिळून 'बॉर्डरलँड्स २' खेळताना लुटीवरून भांडणे होऊ नयेत, यासाठी काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही चौघे 'बॉर्डरलँड्स २' हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम खेळायला घेत आहात, तिघांनी पहिला भाग संपवला आहे, चौथा नेमबाजीच्या खेळांत अगदी नवखा आहे, आणि लुटीवरून कुरबुरी होऊ नयेत व विनोदाची मजाही हुकू नये अशी तुमची इच्छा आहे. मी हा खेळ तीन मित्रांसोबत सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की लुटीचा नियम पहिली गोळी झाडण्याआधीच ठरवून घ्या.

त्याचे कारण असे, की या भागात शत्रू मेल्यावर किंवा पेटी उघडल्यावर ज्या बंदुका आणि शील्ड (मार झेलणारी कवचे) बाहेर पडतात, त्या चौघांत मिळून एकदाच पडतात आणि ज्याचा हात आधी पोहोचेल त्याच्या होतात. २०१९ साली आलेल्या तिसऱ्या भागात प्रत्येकाला आपापली स्वतंत्र लूट मिळण्याची सोय आहे. २०१२ च्या या भागात ती नाही. आमच्या गटात एका मोठ्या लढाईनंतर केशरी प्रकाशाचा उभा पट्टा दिसला. पांढरा, हिरवा, निळा, जांभळा आणि केशरी अशा चढत्या क्रमात केशरी म्हणजे लेजेंडरी, अत्यंत दुर्मिळ, आणि तोवर आम्ही कोणीच केशरी बंदूक पाहिली नव्हती. ती निघाली दुरून नेम धरून मारायची स्नायपर रायफल. झीरो हे स्नायपर वापरण्यात तरबेज असलेले पात्र खेळणारा आमचा मित्र त्या क्षणी घायाळ होऊन जमिनीवर पडलेल्या साथीदाराजवळ बसून त्याला उठवत होता, आणि तेवढ्या वेळात तिसऱ्याच कोणी ती रायफल उचलली. उचलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, तो फक्त जवळ होता. पण जो मदतीला थांबला त्याच्याच हाती काही लागले नाही, ही गोष्ट सर्वांनाच खटकली आणि त्या रात्री खेळ लवकर थांबला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवले की पडलेला प्रत्येक जण उठून उभा राहीपर्यंत निळ्या किंवा त्यावरच्या रंगाच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. मग सर्वांनी तिच्याभोवती उभे राहून तिची माहिती वाचायची आणि जिचा ज्याच्या पात्राला खरा उपयोग, ती त्याने घ्यायची. हा नियम शेवटपर्यंत टिकला. खेळात वस्तूंची अदलाबदल करण्याची सोय आहे आणि नको असलेली बंदूक जमिनीवर टाकूनही देता येते, त्यामुळे एखादी चूक झाली तरी ती लगेच सुधारता येते. साथीदाराला ठोसा मारून द्वंद्वाचे आव्हान देता येते आणि काही गट हक्क त्यावरच ठरवतात, पण मला ते योग्य वाटत नाही, कारण दोन्ही हातांत दोन बंदुका घेऊन लढणाऱ्या सॅल्व्हाडोरसमोर इतर पात्रांचा निभाव लागणे कठीण असते.

तुमच्या नवख्या मित्रासाठी गेज हे पात्र घ्या. ते मूळ खेळात नाही, नंतर वेगळे आले, आणि गेम ऑफ द इयर आवृत्तीत मिळते. तिच्या एका कौशल्यामुळे नेम चुकून भिंतीवर आदळलेली गोळी उसळून जवळच्या शत्रूकडे जाण्याची शक्यता निर्माण होते. अशा गोळीचा मारा निम्मा असतो, पण ज्याचा नेम बसत नाही त्यालाही लढाईत आपला वाटा आहे असे वाटते, आणि नवखा माणूस खेळ सोडतो तो बहुधा हेच न वाटल्यामुळे. उरलेल्यांपैकी एकाने माया हे पात्र घ्यावे. पुढे तिला असे एक कौशल्य मिळते, की ती पडलेल्या साथीदाराला दुरूनच क्षणात उभे करते.

कोणीही एकट्याने पुढे खेळून लेव्हल वाढवून येऊ नये, हेही सांगून ठेवा. लेव्हलमध्ये मोठी तफावत पडली की मागे राहिलेल्याच्या गोळ्यांचा शत्रूवर जवळजवळ परिणामच होत नाही. एकट्याने खेळायचेच असेल, तर त्यासाठी दुसरे पात्र ठेवावे.

माऱ्याचे प्रकार वाटून घेतले की लढाई सोपी होते. आग मांसाच्या शत्रूंवर, विजेचा मारा शील्डवर आणि आम्ल यंत्रमानवांच्या चिलखतावर चालते. स्लॅग हा आणखी एक प्रकार स्वतः फारशी इजा करत नाही, पण स्लॅग लागलेल्या शत्रूवर इतर मारा निदान दुप्पट होतो, म्हणून एकाने स्लॅगची बंदूक कायम जवळ बाळगावी. घायाळ होऊन पडल्यावर मरण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, तो संपण्याआधी एखादा शत्रू मारला तर आपण पुन्हा उठतो, त्यामुळे बॉस म्हणजे बलाढ्य मुख्य शत्रूसमोर एखादा दुबळा शत्रू मुद्दाम जिवंत ठेवावा. चौघे असताना शत्रूही अधिक चिवट होतात, तेव्हा ही सवय फार कामी येते.

आता विनोदाविषयी. यातला पुष्कळसा विनोद रेडिओवरच्या संवादांत आहे आणि चौघे एकाच वेळी बोलत असताना तो सहज बुडतो. हँडसम जॅक हा खलनायक मध्येच संपर्क साधून आपण हिऱ्यांचे तट्टू विकत घेतल्याचे मोठ्या दिमाखात सांगतो. ते ऐकले नाही, तर पुढे त्याचे क्रूर रूप दिसते तेव्हा त्याचा धक्का अर्ध्यावर येतो. आमच्यात जॅकचा आवाज आला की सर्वांनी गप्प राहायचे, असा संकेत होता. थाउजंड कट्स या ठिकाणी एक माणूस आपल्या तोंडावर गोळी झाडा म्हणून आरडाओरडा करतो आणि मिशन तेवढेच असते. थोडे थांबलात तर त्याची विनवणी वाढत वाढत वेडाच्या टोकाला जाते. चौघांपैकी एकाने पोहोचताच गोळी झाडली की सर्वांचीच ती मजा गेली, म्हणून तिथे बंदुका खाली ठेवा आणि तो काय काय बोलतो ते आधी नीट ऐका.

२०१३ साली आलेला, टायनी टीना या खेळातल्या पात्राभोवतीचा 'ड्रॅगन कीप' हा जोडभाग मात्र मुख्य कथा संपण्याआधी उघडू नका. त्यात टीना मित्रांना टेबलाभोवती बसवून स्वतः रचलेला एक खेळ खेळवते आणि त्या खेळाआडून मुख्य कथेतल्या एका घटनेचे दुःख पचवू पाहते. ती घटना आधी अनुभवलेली असेल तरच तिचे हट्ट आणि मध्येच बदललेले नियम कळतात. आम्ही चौघांनी त्याचा शेवट एकत्र पाहिला आणि नावांची यादी संपेपर्यंत कोणीच काही बोलले नाही; तुम्हीही त्या दिवशी चौघे हजर असाल असे बघा.