रनर्सचे प्रश्न : लेहला उतरल्यावर लगेच धावायचं का?

प्रश्न : आमचा बोरिवलीचा चौघांचा ग्रुप आहे, नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रोडवर नेहमी धावतो, सगळ्यांची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आसपास होते. सप्टेंबरमध्ये नऊ दिवस लेहला चाललोय, विमानाची तिकीटं काढून झालीत. आल्प्समधले व्हिडिओ बघून रोज २०-२५ किलोमीटर ट्रेल, म्हणजे डोंगरवाटांवर धावणं, करायचं ठरवलंय आणि शेवटी खारदुंगला खिंड. रूट सुचवा ना.

उत्तर : तिकीटं झालीत म्हणताय तर लेहच धरून बोलूया. आधी ते आल्प्सचं. माँ ब्लाँ शिखराला वळसा घालणारी ती प्रसिद्ध रेस साधारण १७० किलोमीटरची, एकूण चढ दहा हजार मीटरच्या आसपास, म्हणजे भयंकर अवघड, पण तिच्यातल्या सगळ्यात उंच जागासुद्धा अडीच हजार मीटरच्या जवळपासच आहेत. लेहचा बाजारच साडेतीन हजार मीटरवर आहे. ते लोक जिथे टॉपला पोचतात त्याच्याही हजार मीटर वर तुम्ही हॉटेलात बॅगा ठेवणार, तेसुद्धा त्याच दिवशी सकाळी समुद्राच्या लेव्हलला चहा पिऊन. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं पण हवेचा दाब कमी, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन इथल्या साधारण दोन तृतीयांश.

आणि फिटनेसमुळे उंचीवरच्या या त्रासातून (डोकेदुखी, मळमळ, धाप) सुटका होत नाही, हे मला अगदी ओरडून सांगावंसं वाटतं. दोन तासात हाफ करणाऱ्यालाही तितकाच त्रास होऊ शकतो जितका कधीच न धावलेल्याला, उलट फिट माणूस जास्त अडकतो कारण त्याचे पाय साथ देत असतात म्हणून डोकं दुखत असलं तरी तो वर जातच राहतो.

म्हणून किलोमीटर नंतर बघा, आधी कागदावर रोज रात्री किती उंचीवर झोपणार ते लिहा. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, असं डॉक्टर सांगतात. विमानाने लेहला उतरलात की हा नियम पहिल्याच दिवशी मोडलेला असतो, त्याची भरपाई आराम करूनच करायची. पहिले दोन दिवस काहीही नाही, जेवण, पाणी, झोप, फार तर बाजारात चक्कर, दारू नको. तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या हळू चढा, बोलता बोलता चढता आलं पाहिजे, दम लागून बोलणं तुटलं की थांबा. चौथ्या दिवशी शे ते ठिकसे, सिंधूच्या काठाकाठाने, जवळजवळ सपाट आहे, तिथे पहिल्यांदा हलकं जॉगिंग करा आणि घड्याळातला पेस, म्हणजे धावण्याचा वेग, बघूच नका, तो इथल्यापेक्षा खूप खाली गेलेला असणार आणि ते नॉर्मल आहे.

मग पाचव्या दिवसापासून शाम व्हॅली. लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन आणि तिमिसगाम, ही गावं छोट्या छोट्या खिंडींनी जोडलेली आहेत, सगळ्या खिंडी चार हजार मीटरच्या आत, रात्री होमस्टेत राहता येतं, झोपायची उंची लेहपेक्षा फारशी वाढत नाही, आणि मधून मधून रस्ता जवळ असल्याने कोणाला बरं वाटेनासं झालं तर गाडी मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लडाखमध्ये मला याच्याइतका चांगला रूट दिसत नाही. ट्रेकर लोक त्याला बेबी ट्रेक म्हणतात म्हणून नाक मुरडू नका, धावणाऱ्याला असाच पाहिजे. चढ चालायचे, सपाटीला आणि उताराला धावायचं. सावली जवळपास नाही त्यामुळे सनस्क्रीन, टोपी, गॉगल आणि माणशी दोन लिटर पाणी. ओढे सकाळीच ओलांडा, वरचं बर्फ उन्हाने वितळून दुपारनंतर पाणी वाढतं. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड पाहिजे आणि मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

खारदुंगला या ट्रिपमध्ये धावत नको. खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे इथल्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन. लडाख मॅरेथॉनवाले ७२ किलोमीटरची खारदुंगला चॅलेंज घेतात, खारदुंग गावापासून खिंडीवरून लेहपर्यंत, पण त्यात धावणाऱ्यांना कितीतरी दिवस आधी लेहला येऊन राहावं लागतं. तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. ती मॅरेथॉनही सप्टेंबरमध्येच असते, तेव्हा हॉटेलं आत्ताच बघा.

आणि एक गोष्ट चौघांनी निघायच्या आधीच ठरवून टाका की एकाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी सगळेच थांबणार. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला किंवा माणूस चालताना झोकांड्या खायला लागला तर सकाळची वाट न बघता त्याला खाली आणायचं, लेहच्या जवळ असाल तर थेट हॉस्पिटल.

प्रश्न : डोंबिवलीत राहतो, आसपास उंची नाही. ऑनलाइन अल्टिट्यूड मास्क मिळतो, तो लावून प्रॅक्टिस केली तर हिमालयात फायदा होईल का? — डोंबिवली

उत्तर : नाही. मास्कने फक्त श्वास ओढायला जड जातं, हवेचा दाब काही कमी होत नाही, त्यामुळे शरीराला उंचीची सवय लागत नाही. ते पैसे कर्जतच्या फेऱ्यांवर घालवा. उंचीची सवय तिकडे जाऊनच लागते, पण चढ-उताराची तयारी मात्र तुम्हाला आपल्याकडे मस्त करता येते, सह्याद्री काय कमी उभा आहे का? पहिली कर्जत लोकल पकडा, कोंदिवडेपर्यंत रिक्षा, तिथून कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाची आणि त्याच वाटेने परत. चढताना हात मांडीवर दाबत जोरात चाला, हिमालयात बहुतेक वेळ तेच करायचंय. खरी प्रॅक्टिस उतरतानाची, कारण उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलतात आणि दुसऱ्या दिवशी तेच सगळ्यात जास्त दुखतात. पावलं छोटी, नजर चार-पाच फूट पुढे. हे जमलं की कळसूबाई करा, बारीतून चढा, १,६४६ मीटर, फक्त रविवारी जाऊ नका, शिड्यांवर लाइन लागते. मधल्या वारी बिल्डिंगचे जिने आहेतच. आणि अंतर मोजायचं सोडा, किती तास पायांवर होतात आणि किती मीटर चढलात तेवढंच डायरीत लिहा.

प्रश्न : वय ५४, बीपीची गोळी चालू आहे. मित्र म्हणतो डायमॉक्स घेतली की काही होत नाही. — विलेपार्ले

उत्तर : मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. ही गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते पण हळूहळू चढण्याला ती पर्याय नाही, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही, लघवी वाढवते, आणि तुमच्या बीपीच्या गोळीबरोबर चालेल की नाही ते तुमचे डॉक्टरच सांगू शकतील. जायच्या महिनाभर आधी त्यांना पूर्ण प्लॅन दाखवा, रोजच्या उंचीसकट.

प्रश्न : ऑक्टोबरच्या सुट्टीत नवऱ्याबरोबर जायचंय, तो धावत नाही, फक्त चालतो. दोघांना जमेल असा उंचावरचा रूट आहे का? — दादर

उत्तर : आहे, संदकफू! दार्जिलिंगकडे, मानेभंजनपासून सिंगलीला नॅशनल पार्कातून, नेपाळच्या सीमेला धरून जाणारा. संदकफू ३,६३६ मीटरवर, पश्चिम बंगालमधलं सगळ्यात उंच ठिकाण, आणि वाट हळूहळू चढते, टुमलिंग आणि कालीपोखरीला मुक्काम केलात तर झोपायची उंची आपोआप बेताने वाढत जाते. वरपर्यंत जीपचा रस्ता आहे, काही ट्रेलवाल्यांना तो आवडत नाही पण तुमच्यासाठी तोच फायद्याचा, तुम्ही धावत पुढे जा, ते चालत येतील, दमले तर जीपने, आणि संध्याकाळी दोघं एकाच लॉजमध्ये. ऑक्टोबरमध्ये हवा स्वच्छ असली तर कांचनजंगा समोर आणि लांबवर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. संदकफू ते फालुत हा डोंगरधारेवरचा टप्पा तर धावणाऱ्याने करावाच, २१ किलोमीटर, बराचसा मोकळा, पण वाऱ्याचा, म्हणून कमरेला विंडचीटर बांधूनच निघा आणि दुपारी ढग भरायच्या आत पोचा. वोटर आयडी दोघांचंही ओरिजिनल ठेवा, वाटेत चेकपोस्टवर मागतात, आणि कॅश मुंबईतूनच न्या, वर एटीएम नाही.