कार्ड एकदाच लावलं, भाडं दोनदा गेलं

तुमची तक्रार मी नीट वाचली. बसचं कार्ड मोबाइलच्या मागच्या कव्हरमध्ये होतं. चढताना मोबाइल तसाच मशीनवर टेकवला, लाल दिवा लागला. मागे रांग. चालक म्हणाला, पुन्हा लावा. तुम्ही कार्ड कव्हरमधून काढून लावलं, हिरवा दिवा आला आणि तुम्ही जाऊन बसलात. दोन दिवसांनी बघता तर कार्डातूनही भाडं गेलंय आणि बँकेच्या खात्यातूनही. तक्रारीला उत्तर आलं: "दोन्ही व्यवहार वैध आहेत." आता तुम्ही विचारताय की चूक कोणाची.

तुमची नाही. मी अकरा वर्षं डेपोत तिकीट मशिनांची देखभाल केली आहे आणि अशा तक्रारी ढिगाने हाताळल्या आहेत. त्यावरून काय झालं असावं ते आधी सांगतो, मग पैसे कसे मागायचे ते.

मोबाइलमध्ये तुम्ही बँकेचं कार्ड भरून ठेवलेलं असणार. प्रवासासाठीची खास सोय चालू असेल, तर मोबाइल लॉक असतानाही मशीनपाशी नेला की परस्पर भाडं भरतो. तुम्ही मोबाइल टेकवलात तेव्हा मशीनने आधी ते बँकेचं कार्ड घेतलं. मोबाइल अजून तिथेच होता, म्हणून लगेच त्याला मागचं बसचं कार्डही दिसलं. तिथे गोंधळ होऊन लाल दिवा लागला. तुम्हाला दिसला तो शेवटचा दिवा. त्याआधीचा हिरवा क्षणभरच लागून गेला. नियम असा आहे की दोन कार्डं एकदम दिसली तर मशीनने दोन्ही नाकारावीत. पण एक आधी आणि दुसरं पाव सेकंदाने दिसलं, तर मशीनच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी असतात.

बसमधलं मशीन इतकी घाई का करतं, तेही सांगतो. रांग चालती राहावी म्हणून लंडनच्या बसमध्ये कार्ड वाचून निर्णय द्यायला अर्ध्या सेकंदाची मर्यादा घालून दिलेली आहे. धावत्या बसमधून बँकेला विचारून उत्तर येईपर्यंत एवढा वेळ कुठून मिळणार? म्हणून मशीन बँकेला विचारतच नाही. कार्ड खरं आहे का आणि बंद केलेल्या कार्डांच्या यादीत आहे का, एवढंच बघून आत सोडतं. पैशांचा हिशेब नंतर होतो. म्हणूनच तुमच्या बँकेचा मेसेज दोन दिवसांनी आला.

आता त्या लाल दिव्याबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या त्रासाचं मूळ तिथे आहे. कार्डात शिल्लक नाही, लाल. दोन कार्डं एकत्र आली, लाल. कार्ड लवकर उचललं, लाल. (या कार्डात बॅटरी नसते, मशीनजवळ असेपर्यंतच त्याला वीज मिळते, हात झटकन मागे घेतला की वाचन अर्ध्यावर तुटतं.) कार्ड बंद यादीत आहे, लाल. आणि सर्वांत वाईट म्हणजे भाडं आधीच भरलं गेलंय, तेच कार्ड पुन्हा लावलंत, तरीही बऱ्याच मशिनांवर लालच. म्हणजे पैसे भरलेल्या माणसाला आणि न भरलेल्या माणसाला एकच दिवा, एकच कर्कश आवाज. मशीनच्या आत मात्र या प्रत्येकाचा वेगळा क्रमांक नोंदलेला असतो. नकाराचं नेमकं कारण मशीनला ठाऊक असतं. ते पडद्यावर दोन शब्दांत दाखवायला फार खर्च येत नाही, हे मी आमच्या बैठकांत अनेकदा सांगितलं. "प्रवासी वाचत बसतील, रांग थांबेल," हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. रांग थांबते ती कारण न कळल्यामुळेच.

एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. एका मशीनची तक्रार होती म्हणून मी त्या बसने जात होतो. एक आजी चढल्या. कार्ड लावलं, लाल. पुन्हा लावलं, लाल. त्यांनी मुलाचा मेसेज काढून चालकाला दाखवला: काल रात्रीच रिचार्ज केलंय, आई. चालक म्हणाला, मशीन नाही म्हणतंय, मी काय करू? आजी उतरायला लागल्या. मी त्यांना थांबवून मशीनमधली यादी उघडली. रिचार्जचे पैसे थेट कार्डावर जात नाहीत. शिल्लक कार्डाच्या चिपमध्ये असते, म्हणून रिचार्जची यादी रात्री डेपोच्या वायफायवरून बसच्या मशीनमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी कार्ड लावल्यावर चिपमध्ये लिहिली जाते. ती बस रात्री डेपोच्या अगदी शेवटच्या रांगेत उभी होती. वायफाय तिथवर पोचत नव्हतं. आजींचे पैसे जमा होते, यादी तेवढी बसमध्ये नव्हती. आणि उतरायची पाळी मात्र आजींवर आली.

तुमच्या पैशांचं बघू. "माझे पैसे दोनदा गेले" असं लिहू नका. त्यांच्या नोंदीत दोन कार्डं दिसतात, दोघांनी एकेकदा भाडं भरलेलं दिसतं, म्हणून "वैध" असं उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा: एकाच बसमध्ये, एकाच मशीनवर, काही सेकंदांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या कार्डांवर भाडं घेतलं गेलं आणि प्रवासी एकच होता. तारीख, वेळ, मार्ग क्रमांक आणि बसचा क्रमांक द्या. बँकेच्या कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक द्या. पण मोबाइलमधल्या कार्डाला बहुतेक वेळा प्लास्टिकच्या कार्डाहून वेगळा क्रमांक असतो. तो मोबाइलच्या सेटिंगमध्ये सापडतो, त्याचे शेवटचे चार अंक लिहा. नाहीतर त्यांना नोंदच सापडणार नाही आणि अर्ज परत येईल. शेवटी मशीनच्या त्या मिनिटाच्या सगळ्या नोंदी मागा, नाकारलेल्यासुद्धा. ती लाल दिव्याची नोंदच तुमचा पुरावा आहे.

याच वेगळ्या क्रमांकामुळे आणखी एक नुकसान होतं. जिथे दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, तिथे सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी मोबाइल वापरलात, तर खातं एकच असूनही दोन प्रवासी धरले जातात आणि मर्यादेचा फायदा मिळत नाही. दिवसभर एकच साधन वापरा. आणि सिंगापूरसारखं उतरतानाही कार्ड लावावं लागत असेल तर चढताना लावलेलंच लावा. तिथे उतरताना विसरलं तर बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं.

कार्ड कव्हरमधून काढून वेगळं ठेवा किंवा मोबाइलमधली ती प्रवासाची सोय बंद करा. दोन्हींपैकी एक पुरे.

काहींनी तुम्हाला रोख पैसे द्यायचा सल्ला दिलाय. सुट्टे पैसे मोजत चालकाने बस उभी ठेवायची, यात वेळ जातो हे खरं. रोकड असली की लुटीची भीतीही असते. वॉशिंग्टनमध्ये 1968 साली चालकांवरच्या हल्ल्यांनंतरच सुट्टे परत न देण्याची पद्धत आली. पण लंडनने 2014 मध्ये बसमधली रोकड पूर्ण बंद केली, तसं सगळीकडे सरसकट करण्याच्या मी विरोधात आहे. ज्याच्याकडे बँकेचं कार्ड नाही, ज्याचा मोबाइल संध्याकाळी बंद पडलाय, त्याला शेवटच्या बसमध्ये चढता आलंच पाहिजे. लक्झेंबर्गने 2020 पासून देशभरातला सार्वजनिक प्रवास मोफत केला आणि हा प्रश्नच मिटवला. ते प्रत्येक शहराला परवडेल असं नाही. पण मशीन अडलं तर प्रवाशाला आत घ्यायचं आणि हिशेब नंतर बघायचा, एवढी सूचना चालकाला लेखी देणं कोणालाही परवडतं. आज अनेक चालकांना ती नसते. आत घेतलं तर जाब त्यांना, उतरवलं तर शिव्याही त्यांनाच. त्यांच्यावर चिडू नका.

अर्ज आजच पाठवा. नाकारलेल्या नोंदी मशीनमध्ये फार दिवस राहत नाहीत, नव्या आल्या की जुन्या पुसल्या जातात. पुन्हा "वैध" असंच उत्तर आलं तर ते जसंच्या तसं मला पाठवा, वरच्या अधिकाऱ्याकडे करायच्या अपिलाचा मसुदा मी लिहून देतो.