प्रेअरीतली रानफुलं आणि त्यांचे औषधी उपयोग एकाच चित्रात कसे दाखवावेत?

प्रेअरीतल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या, फुलाचं चित्र काढून खाली उपयोग लिहिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये राहतो, हीच फुलं जलरंगात रंगवतो. माझं मत: नाही चालणार. यातल्या बऱ्याच झाडांचं औषध मुळांमध्ये असतं आणि चित्रात नेमकी मुळंच नसतात.

एकिनेशिया घ्या. ओमाहा, पॉनी, डकोटा या तिथल्या मूळनिवासी जमातींचे लोक दातदुखीवर तिचं मूळ वापरत. चघळलं की जीभ बधिर होते. पण ही अंगस्टिफोलिया जात, कोरड्या पठारांवरची. पानं अरुंद, केसाळ, मूळ सोटासारखं. नर्सरीत सर्रास मिळते ती पर्पुरिया, रुंद पानांची आणि तंतुमुळांची. कुंडीतली पर्पुरिया समोर ठेवून अंगस्टिफोलियाचा उपयोग लिहिलेली चित्रं मी कितीतरी पाहिलीत. पाकळ्यांचा गुलाबी रंग सोपा आहे, खरा वेळ खातो तो मधला काटेरी गोळा. दोन्ही दिशांनी वळणाऱ्या त्याच्या रांगा आधी पेन्सिलीनं हलक्या आखून घ्या, मग काट्यांच्या टोकांना नारिंगी द्या.

बटरफ्लाय मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातलं. रुईचं फूल निरखलं असेल तर मधला मुकुट ओळखीचा वाटेल. मात्र या जातीला पांढरा चीक नसतो, तो रंगवू नका. ओमाहा लोक छातीच्या विकारांवर याचं मूळ कच्चं खात. जास्त झालं तर ते विषारी आहे, त्यामुळे चित्राखाली मात्रा वगैरे लिहू नका.

वाइल्ड बर्गमॉटचं औषध पाना-फुलांत. सर्दीवर त्याचा काढा घेत. पान चुरगाळलं की ओव्याची आठवण येते, थायमॉल हे वासाचं द्रव्य दोन्हीकडे आहे. कूळ तुळशीचं, म्हणून देठ चौकोनी काढा.

नुसतं 'नेटिव्ह अमेरिकन औषध' लिहिणं मला आळशीपणाचं वाटतं. कोणत्या जमातीचा उपयोग ते नावानिशी लिहा. वनस्पतींच्या पारंपरिक उपयोगांचे अभ्यासक मेल्विन गिलमोर यांनी मिसुरी नदीच्या खोऱ्यातल्या जमातींकडून गोळा केलेली माहिती 1919 मध्ये छापली गेली, तिथून सुरुवात करा.

मुळांसाठी प्रेअरीत खणू नका. इलिनॉयमध्ये मूळ प्रेअरीचा एक टक्कासुद्धा उरलेला नाही. नर्सरीतून योग्य जातीचं रोप आणा, शरद ऋतूत कुंडीतून काढून मूळ धुवा, रेखाटन झालं की पुन्हा लावा. कागद उभा घ्या, खालचा अर्धा मुळासाठी मोकळा सोडा. कंपास प्लांट या प्रेअरीतल्याच झाडाचं मूळ 15 फुटांपर्यंत जातं. ते कागदाच्या कडेला खुशाल तोडा.