न्यूट्रॅलिनो सापडला नाही, मग कृष्णद्रव्य तरी आहे का?

प्रश्न : सुपरसिमेट्रीतला न्यूट्रॅलिनो हाच कृष्णद्रव्याचा कण, असं कॉलेजात असताना वाचलं होतं. तो अजून मिळालेला नाही. मग कृष्णद्रव्य ही नुसती कल्पनाच का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. मी बी.एस्सी.ला शिकवत असताना दरवर्षी मुलांकडून दोन आलेख काढून घेत असे. पहिला ग्रहांचा : आडव्या अक्षावर सूर्यापासूनचं अंतर, उभ्यावर वेग. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर पळतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. रेघ घसरत खाली येते. दुसरा देवयानी दीर्घिकेचा. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी तिच्यातल्या वायूचे वेग मोजून १९७० साली प्रसिद्ध केले. तिथे केंद्रापासून कितीही लांब जा, वेग उतरतच नाही. पेन्सिल आडवीच चालत राहते आणि वर्ग गप्प होतो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वायूला धरून ठेवायला दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाची ओढ पुरत नाही. म्हणजे न दिसणारं वस्तुमान तिथे असलंच पाहिजे, तेच कृष्णद्रव्य. कृष्णद्रव्याचा पुरावा हा असा आहे, न्यूट्रॅलिनोच्या आधीचा.

न्यूट्रॅलिनो हा त्या जागेसाठीचा एक उमेदवार. सुपरसिमेट्रीत प्रत्येक कणाला जोडीदार असतो : इलेक्ट्रॉनला सिलेक्ट्रॉन, क्वार्कला स्क्वार्क. फोटॉन (प्रकाशाचा कण), झेड आणि हिग्ज या कणांच्या जोडीदारांची सरमिसळ म्हणजे न्यूट्रॅलिनो. विद्युतभार नाही, त्यामुळे प्रकाशाशी देणंघेणं नाही. तो जोडीदारांत सर्वांत हलका असेल आणि आर-पॅरिटीचा नियम (जोडीदार मोडला तर तुकड्यांत एक तरी जोडीदार हवाच) खरा असेल, तर त्याला मोडून जायला वाटच उरत नाही, तो टिकतो. इतकं जुळून आल्यावर कुणीही हरखेल. मीही हरखलो होतो.

प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्रात २०१२ साली हिग्ज मिळाला, जोडीदार मात्र एकही नाही. अमेरिकेत साउथ डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, कृष्णद्रव्याचे कण शोधणाऱ्या लक्स-झेपलिन या प्रयोगाची टाकी आहे. तिच्यात सात टन द्रव झेनॉनवर पहारा चालतो. कण अणूवर आदळला की आधी एक बारीक चमक. सुटलेले इलेक्ट्रॉन वरच्या वायूच्या थरात पोचले की दुसरी. दोन चमकांमधल्या वेळावरून धडक किती खोल झाली ते कळतं. कडेच्या धडका बहुधा आसपासच्या किरणोत्सर्गाच्या, म्हणून त्या वगळतात. उरलेल्यांत कृष्णद्रव्याची खूण अजून नाही.

यातून न्यूट्रॅलिनोची बरीच रूपं बाद झाली, सगळी नाहीत. हिग्जच्या जोडीदाराचा अंश जास्त असलेलं, प्रोटॉनच्या हजारपटीहून थोडं जड असं एक रूप अजून शाबूत आहे. माझा जीव त्याच्यात अडकला आहे.