सोसायटीच्या फाटकावरच्या पाटीत ‘वाहने उभी करू नये’ बरोबर की ‘नयेत’? शेवटी पूर्णविराम द्यायचा का?

‘नयेत’. वाहने अनेक, म्हणून ‘वाहने उभी करू नयेत’. एकवचन हवं असेल तर ‘वाहन उभे करू नये’. या दोन्हींची खिचडी गावोगाव दिसते आणि ती चूकच आहे. ‘चालतं, लोकांना कळतं’ हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. वर्षानुवर्षं भिंतीवर राहणारी गोष्ट पैसे मोजून करून घेताय. शुद्ध लिहायला जास्त पैसे पडत नाहीत.

खाली ‘हुकूमावरून’ टाकणार असाल तर थांबा. हुकूम, पण हुकमावरून. लाकूड, लाकडाचा, तसंच. सोसायटीचं नावही तपासा. एकटा ‘गुरू’ दीर्घ, पण समासात ‘गुरुकृपा’. ‘लक्ष्मीकृपा’ मात्र दीर्घच, कारण मूळ संस्कृत शब्दच दीर्घ आहे.

पाटी चुकली की सगळे पाटीवाल्यावर घसरतात. हे अन्यायाचं आहे. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांत असतो. ऑपरेटर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात चिकटवतो, अक्षरांचा चुथडा होतो आणि मग तो घाईत सगळं पुन्हा टाइप करतो. चूक शिरते ती इथे. म्हणून ‘मेसेजमध्ये बरोबर होतं’ याला अर्थ नाही. अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत) बदलल्यानंतरची, मशीनवर जाणारीच फाइल पीडीएफ करून मागवा, कागदावर छापा आणि मजकूर न लिहिलेल्या माणसाकडून शब्द-शब्द वाचून घ्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे आहे ना, रफार योग्य अक्षरावर आहे ना (‘आर्शिवाद’ नव्हे, ‘आशीर्वाद’), वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडत नाही ना, हे बघा. न वाचता सही करणारा सेक्रेटरी चुकीचा खरा धनी.

अ‍ॅक्रिलिकची सुटी अक्षरं घेतलीत तर अनुस्वार हा वेगळा, इवलासा तुकडा असतो. तो नुसत्या टेपवर चिकटवला तर उन्हापावसात आधी तोच गळतो आणि ‘चिंतामणी’ची ‘चितामणी’ होते. मागून पिन मारून घ्या किंवा मागे अखंड पट्टी लावायला सांगा.

उंचीचा ढोबळ हिशोब असा: दर १० फुटांना १ इंच. ३० फुटांवरून वाचायचं तर ३ इंच, आणि मोजायचं ते शिरोरेषेखालचं अक्षर, वरच्या वेलांट्या नव्हेत.

पूर्णविराम एका वाक्याला नको, दोन वाक्यं असतील तर दोन्हींना द्या. उद्गारचिन्ह एकही नको. ‘करू’ आणि ‘नयेत’ एकाच ओळीत ठेवा; खालची ओळ एखाद्या गाडीआड गेली की उरतं ‘येथे वाहने उभी करू’.

नाव नोंदणीत ‘गुरूकृपा’च असेल तर पाटीवरही तेच ठेवा, कागदपत्रांशी फरक नको. आणि दुकानाची पाटी असेल तर महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर देवनागरी मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवता येत नाहीत.